गाडी कितीची सांगितली?

पुण्याहून अमेरिकेला जाण्याचे दोन टप्पे असतात. पहिला कोथरूड ते मुंबईचा सहार विमानतळ आणि दुसरा सहार ते अमेरिका. दुसऱ्यात सांगण्यासारखं फारसं काही नसतं. बसल्या जागी जेवण येतं, कोणी रस्ता विचारत नाही आणि पायलटला कोणी सल्ला देत नाही. पहिल्या टप्प्याचं तसं नाही.

पुण्याला विमानतळ नाही असं कोणी म्हणू नये. लोहगावला आहे, पण तो मुळात हवाई दलाचा तळ. आपल्या नागरी विमानांनी त्यांच्या सवडीनं उडायचं. २०२४ च्या जुलैत तिथं नवं चकचकीत टर्मिनलही सुरू झालं. दुबई-बँकॉक अशी मोजकी परदेशी विमानं तिथून सुटतात, अमेरिकेचं थेट विमान मात्र सुटत नाही. पुरंदरला मोठा विमानतळ होणार ही बातमी आम्ही इतकी वर्षं वाचतोय की, ती पहिल्यांदा वाचणाऱ्यांची मुलं दरम्यानच्या काळात सहारहून उडून तिकडे स्थायिक झाली. आता त्या मुलांना मुलं व्हायला लागली, म्हणून आईबाप निघतात. तेही सहारहूनच.

आमच्याकडे माझे सासरे अण्णा आणि सासूबाई माई धाकट्या मुलीच्या बाळंतपणाला सॅन होजेला निघाले होते. तिकिटं, व्हिसा, विमा हे सगळं साडूंनी तिकडून केलं होतं. त्याच भरात त्यांनी कोथरूड ते विमानतळ अशी गाडीही तिकडूनच इंटरनेटवर ठरवून टाकली. ‘प्रायव्हेट शोफर ट्रान्सफर’ असा तो प्रकार होता. अण्णांनी ई-मेल छापून आणला आणि पेन घेऊन बसले. काळी सेडान येईल. चालक गणवेशात असेल. पाण्याच्या दोन बाटल्या, वायफाय. चालक आपल्या नावाची पाटी घेऊन उभा राहील.

“कुठं उभा राहील?” अण्णांनी विचारलं.

“इथं लिहिलंय, पत्त्यावर.”

“म्हणजे आपल्या दारात. दारावर आपल्या नावाची पाटी आहेच की! ही दुसरी कशाला?”

मग त्यांनी डॉलरचा आकडा पाहिला, चष्मा पुसला, रुपयांत गुणाकार केला, तो एकदा ताडून पाहिला आणि म्हणाले, “एवढ्यात माणूस शिर्डी-नाशिक करून दोन दिवस राहून येतो.” साडूंना मध्यरात्री उठवून ते बुकिंग रद्द करण्यात आलं. (त्यांच्या मध्यरात्री. आपल्याकडे दुपार होती.) मग अण्णा माझ्याकडे वळले. “जावईबापू, तुमच्या ओळखीचा कोणी असेलच ना?”

पुण्यात गाडी कंपनीकडून घेत नाहीत, ओळखीकडून घेतात. प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये ‘... ट्रॅव्हल्स नवीन नंबर’ असा एक माणूस असतो. जुना नंबरही असतो, कारण तो अधूनमधून चालू होतो. मी फोन लावला.

“माणसं किती ते नंतर सांगा सर,” पलीकडून आवाज आला, “बॅगा किती?”

हा माणूस धंद्यातला आहे हे मी तिथंच ओळखलं. विमानतळाच्या गाडीत मुख्य प्रवासी बॅग हाच असतो. माणसं उरलेल्या जागेत बसतात. अमेरिकेच्या तिकिटावर साधारणपणे माणशी तेवीस किलोच्या दोन बॅगा नेऊ देतात, आणि ‘नेऊ देतात’ याचा अर्थ मराठी घरात ‘न्यायलाच हव्यात’ असा असतो. म्हणजे चार मोठ्या, दोन हातातल्या, माईंची पर्स आणि अण्णांची कागदपत्रांची पिशवी, जी ते झोपतानाही उशाशी ठेवत होते.

“मग सेडान विसरा,” तो म्हणाला. “सीएनजीची गाडी आहे. डिकीत टाकी.”

ही एक गोष्ट जाहिरातीत कुणी सांगत नाही. भाड्याच्या बहुतेक छोट्या गाड्या गॅसवर चालतात, आणि गॅसची टाकी डिकीत आडवी पसरलेली असते. फोटोत दिसते ती डिकी बाहेरून. आत एक छत्री, एक स्टेपनी आणि ड्रायव्हरचा डबा एवढंच मावतं. तेवीस किलोची बॅग घेऊन अशा डिकीसमोर पहाटे चार वाजता उभी असलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. आधी टाकीकडे बघतात, मग एकमेकांकडे.

दराची बोलणी झाली. बाहेरगावच्या भाड्याला दिवसाचे किमान तीनशे किलोमीटर धरायचे हा या धंद्यातला सर्रास रिवाज. पुणे-सहार-पुणे जवळजवळ तेवढंच भरतं, त्यामुळे वाद घालायला जागा राहत नाही. शिवाय ड्रायव्हरचा भत्ता, टोल आणि पार्किंग. ‘फक्त सोडायचं आहे, आणायचं नाही’ हे वाक्य मीही म्हणून पाहिलं.

“सर, तुम्ही सोडाल. पण गाडी तिथं ठेवून ड्रायव्हर चालत येणार का?”

पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्तात देणारेही भेटतात. त्या वाटेला जाऊ नये. भाड्याच्या गाडीची नंबरपाटी पिवळी असते. खासगी गाडीनं चोरून भाडं मारताना काही झालं, तर विमा कंपनी सगळ्यात आधी हात वर करते.

हा हिशेब मी अण्णांना सांगितला आणि तिथं पहिली गुंतागुंत झाली. परतीचे पैसे भरायचेच आहेत तर गाडी रिकामी का आणायची, हा त्यांचा प्रश्न. म्हणून मी आणि बायको सोडायला जाणार हे ठरलं. तरी एक जागा उरत होती. ती शेजारच्या काकांना देण्यात आली. काका टेल्कोतून निवृत्त झालेले आणि २००९ साली अमेरिकेला जाऊन आलेले. त्या वारीवर ते आजही आमच्या अख्ख्या सोसायटीला सल्ला देतात, आणि प्रत्येक सल्ल्याची सुरुवात ‘आम्ही गेलो तेव्हा’ अशी असते. तर रिकाम्या जागा वाया जाऊ नयेत म्हणून माणसं वाढली, माणसं वाढली म्हणून बॅगांना जागा उरेना, म्हणून क्रिस्टा घ्यावी लागली, तरी दोन बॅगा उरल्या म्हणून कॅरिअरवाली क्रिस्टा, आणि महिना जुलैचा म्हणून वर ताडपत्री. वाचवलेल्या पैशांपायी दीड हजार रुपये जास्त गेले. अण्णा समाधानी होते.

आता वेळ. युरोप-अमेरिकेची बरीचशी विमानं मुंबईहून मध्यरात्रीनंतर उडतात. तिकडच्या मोठ्या विमानतळांवर सकाळी पोहोचलं की पुढची विमानं पकडता येतात, हा त्यामागचा हिशेब. आपल्याकडे त्यामुळे एक तारीख वाया जाते. अण्णांचं विमान १४ जुलैला रात्री सव्वादोनचं होतं.

“१३ ची रात्र की १४ ची?” ट्रॅव्हल्सवाल्यानं विचारलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, “सर, रागवू नका. वर्षाकाठी दोन-चार गिऱ्हाइकं १४ ची रात्र सांगतात. गाडी वेळेवर असते. विमान आदल्या दिवशी गेलेलं असतं.”

अण्णांकडून ही चूक होणं शक्य नव्हतं. त्यांनी कालनिर्णयच्या फाडलेल्या पानाच्या मागं उलटा हिशेब मांडला होता. विमान सव्वादोन. तीन तास आधी पोहोचायचं, म्हणजे सव्वाअकरा. रस्त्याचे चार तास, सव्वासात. घाटासाठी राखीव एक तास, सव्वासहा. मुंबईच्या पावसासाठी एक, सव्वापाच. हिंजवडीची ऑफिसं सुटण्यासाठी अर्धा. चेंबूर-कुर्ल्यासाठी अर्धा. पंक्चरसाठी अर्धा, पंक्चर एकच धरलं होतं, ते त्यांनी मोठ्या मनानं मान्य केलं. आणि शेवटी ‘हातात असावा’ म्हणून पाऊण तास. उत्तर आलं दुपारचे तीन.

“तीनला निघायचं म्हणजे झोपेतून उठून निघायचं,” माई म्हणाल्या.

“मग दोनला निघू. गाडीतच झोपू.”

काका हसले. “आम्ही गेलो तेव्हा सकाळी दहाला निघालो होतो.”

“विमान कितीचं होतं?”

“पहाटे तीनचं.”

अण्णांनी पेन उचललं. मी ते हातातून काढून घेतलं.

तेरा तारखेची सकाळ वजनात गेली. मराठी घरात तेवीस किलो हा आकडा गाठायचा असतो, टाळायचा नसतो. बॅग साडेएकवीस भरली की त्यात दीड किलोची ‘जागा’ दिसते. हातकाटा होता, पण अण्णांचा त्यावर विश्वास नव्हता. त्यामुळे स्वतः अण्णा आधी बाथरूममधल्या काट्यावर नुसते, मग बॅग कवटाळून असे उभे राहत होते आणि मी वजाबाकी सांगत होतो. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, आळीव, डिंक. बाळंतिणीला लागणारं सगळं सामान सॅन होजेच्या देशी दुकानात मिळतं, हे साडूंनी सांगून पाहिलं होतं. “मिळत असेल,” असं माई म्हणाल्या होत्या आणि विषय संपला होता.

अडलं ते सुक्या खोबऱ्यावर. विमानाच्या सामानात सुकं खोबरं चालत नाही. त्यात तेल असतं, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून ते धोकादायक मालाच्या यादीत आहे. अण्णांनी यादी वाचून दाखवली. फटाके, पेट्रोल, खोबरं.

माईंना हा स्वयंपाकघराचा अपमान वाटला. “चाळीस वर्षं माझ्या डब्यात आहे. एकदा तरी पेटलं?”

वाट्या बाहेर निघाल्या. मसाल्यात वाटून गेलेल्या खोबऱ्याबद्दल कुणी काही बोलायचं नाही असं ठरलं. बॅगेत सहाशे ग्रॅमची जागा झाली आणि तिथं लगेच चकली गेली.

गाडी पावणेदोनला दारात होती. ड्रायव्हर मावळातला, चाळिशीचा, कमी बोलणारा. त्याच्या अंगावर गणवेश नव्हता आणि हातात पाटी नव्हती. त्यानं बॅगांकडे एकदा पाहिलं, गाडीकडे एकदा पाहिलं आणि कुठली कुठं जाईल ते ठरवून टाकलं. खाली चौघं जण त्याला सूचना करत होते. त्यानं एकही ऐकली नाही आणि सगळं सामान बसलं. मागच्या रांगेतली एक सीट दुमडून बॅगा रचल्या, उरलेल्या सीटवर मला रचलं. पुढचा सगळा प्रवास मी एका निळ्या बॅगेच्या मागून पाहिला आहे, तेव्हा निसर्गवर्णनाची अपेक्षा करू नये. माझी भिस्त कानांवर होती.

पुढं, ड्रायव्हरशेजारी, काका बसले. पट्टा लावला आणि कामाला लागले.

“हे बघ, चांदणी चौकात पुलाखालून डावीकडे दाब. तिथं अडकतं.”

“काका, तो पूल पाडला,” ड्रायव्हर म्हणाला.

पाडला होता, २०२२ च्या ऑक्टोबरात, मध्यरात्री स्फोट लावून. टीव्हीवर अख्ख्या पुण्यानं पाहिलं होतं. त्या जागी २०२३ च्या ऑगस्टपासून उड्डाणपूल आणि वळणांचं असं जाळं आहे की, मुळशीला जायचं ठरवलेला माणूस नीट लक्ष दिलं नाही तर साताऱ्याच्या वाटेला लागतो. काका गप्प झाले. बालेवाडीपर्यंत.

वाकड, हिंजवडीचा फाटा, रावेत, किवळे. इथं एक्स्प्रेस वे सुरू होतो. साडेचौऱ्याण्णव किलोमीटर, २००२ साली पूर्ण झालेला, अधिकृत नाव यशवंतराव चव्हाण द्रुतगती मार्ग. पण त्या नावानं त्याला टोलच्या पावतीखेरीज कोणी हाक मारत नाही, आणि फास्टॅग आल्यापासून पावतीही गेली. मोटारीचा टोल २०२३ मध्ये २७० चा ३२० झाला. उर्स्याच्या नाक्यावर तो कापला गेल्याचा निरोप ट्रॅव्हल्सवाल्याच्या फोनवर गेला आणि त्यानं लगेच मला फोन करून “उर्से पास ना सर?” असं विचारलं. हल्ली माणसाचा ठावठिकाणा असा कळतो.

“जरा दाब ना,” काका म्हणाले. “रस्ता मोकळा आहे. आम्ही गेलो तेव्हा एकशे वीसनं गेलो होतो.”

“काका, वर बघा.”

वर कॅमेरे होते. २०२४ पासून ते मार्गावर बसले आहेत. मोटारीला मोकळ्या पट्ट्यात शंभरची मर्यादा, त्यापुढे गेलं की फोटो निघतो.

“दंड मालकाच्या फोनवर येतो,” ड्रायव्हर म्हणाला, “आणि माझ्या पगारातून जातो.”

लोणावळ्याला पाऊस लागला. वरच्या ताडपत्रीचा एक कोपरा सुटून फडफडायला लागला आणि माईंनी “माझी भाजणी” असा हुंकार दिला. गाडी बाजूला घेऊन ड्रायव्हरनं भिजत दोरी बांधली. अण्णांनी घड्याळ पाहून हे पंक्चरच्या अर्ध्या तासातून वजा केलं.

घाटात धुकं. मला दिसत नव्हतं, पण गाडीतल्यांनाही दिसत नव्हतं, त्यामुळे बरोबरी झाली. ट्रकनं डावीकडून चालायचं असा नियम आहे. आमच्या पुढं तीन ट्रक तीन पदरांतून एकमेकांना ओलांडत होते. तिघांचाही वेग सारखाच होता, त्यामुळे ते ओलांडणं खंडाळ्यापासून जवळजवळ पायथ्यापर्यंत चाललं. अण्णांचा घाटासाठीचा राखीव तास अशा रीतीनं कारणी लागला, आणि त्यांचा चेहरा पहिल्यांदाच खुलला असं बायकोनं मला फोनवर लिहून कळवलं.

“आता अमृतांजन आला की उजवी लेन धर,” काका घाटाच्या तोंडाशीच म्हणाले होते. “पुलाच्या खांबापाशी नेहमी कोंडी होते.”

ड्रायव्हरनं या वेळी माझ्याकडे आरशात पाहिलं. म्हणजे निळ्या बॅगेकडे.

“काका, तोही पाडला.”

१८३० सालचा पूल. इंग्रजांनी बांधलेला, आणि वेदनेवरच्या मलमाच्या मोठ्या जाहिरातीवरून नाव मिळालेला. २०२० च्या एप्रिलमध्ये, सगळा देश घरात बसला होता तेव्हा, रस्ता रिकामा मिळाला म्हणून उडवून टाकला. एकशे नव्वद वर्षं उभा होता. काकांना हे माहीत नव्हतं असं नाही. पण वर्तमानपत्रात वाचलेलं वेगळं आणि मनातला रस्ता वेगळा. ते बराच वेळ खिडकीबाहेर, जिथं पूल नव्हता तिथं, बघत राहिले.

खालापूरच्या फूड मॉलला थांबायचं की नाही यावर मतदान झालं. अण्णांच्या मते थांबायची गरज नव्हती, कारण माईंनी दशम्या, लसणीची चटणी आणि ताकाची बाटली आणली होती. थांबायला हवं असं मत एकट्या ड्रायव्हरचं होतं आणि स्टीअरिंग त्याच्या हातात होतं. तो चहा प्यायला गेला. आम्ही पार्किंगमध्ये गाडीतच दशम्या खाल्ल्या. शेजारच्या गाडीतही एक कुटुंब तेच करत होतं. त्यांच्याही टपावर बॅगा होत्या. अण्णांनी काच खाली करून विचारलं, “कुठं?”

“शिकागो. तुम्ही?”

“सॅन होजे. बाळंतपण.”

“आमचं मुंज. विमान कितीचं?”

“सव्वादोनचं.”

“आमचं साडेतीनचं,” ते गृहस्थ म्हणाले. विमानाच्या हिशेबानं आमच्या सव्वा तास आधी निघालेला माणूस भेटल्यामुळे अण्णा जरा खिन्न झाले.

पुढं माडप आणि भाताणचे बोगदे गेले, पनवेल आलं आणि ड्रायव्हरनं पहिल्यांदा आपण होऊन प्रश्न विचारला. “काका, तुमचं विमान नक्की सहारचंच ना? नव्या विमानतळाचं नाही?”

गाडीत शांतता पसरली. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन २०२५ च्या ऑक्टोबरात झालं, डिसेंबरच्या शेवटी तिथून विमानं उडायला लागली, हे सगळ्यांना माहीत होतं. पण आपल्या तिकिटाशी त्याचा संबंध असू शकतो हे कालनिर्णयच्या त्या पानावर नव्हतं. अण्णांनी पिशवी उघडली. तिकिटाच्या पाच प्रती होत्या, पाचही पाहिल्या. नवी मुंबईचा संकेत एनएमआय, जुन्या मुंबईचा बीओएम. पाचही प्रतींवर बीओएम होतं.

“विचारावं लागतं,” ड्रायव्हर म्हणाला. “लोक तिकडं उतरतात आन् मग रडतात.”

या एका प्रश्नासाठी मी त्या माणसाला मनातल्या मनात शंभर रुपये जास्तीचे देऊन टाकले.

कळंबोली, खारघर, बेलापूर. वाशीची खाडी जवळ आली तशी पुढच्या सीटवर हालचाल सुरू झाली. काकांनी खिशातून शंभराची नोट काढून हातात धरली. वाशीच्या नाक्यावर सुटे लागतात, हे त्यांनी आम्हाला कोथरूडपासून सांगितलं होतं. नाका आला, गेला, गाडी थांबली नाही. २०२४ च्या ऑक्टोबरपासून मुंबईत शिरणाऱ्या छोट्या गाड्यांना पाचही नाक्यांवर टोल माफ आहे. ड्रायव्हरनं ते सांगितलं नाही. त्या वेळेपर्यंत त्यालाच वाईट वाटायला लागलं असावं. काकांनी नोट मानखुर्दपर्यंत तशीच धरली होती.

“सायनवरून घेणार असशील,” ते अखेर म्हणाले. आवाजात प्रश्न होता.

“लिंक रोडनं, काका. चेंबूरवरून थेट.”

सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोड २०१४ साली खुला झाला. म्हणजे काका गेले तेव्हा तो नव्हता. काका गेले तेव्हा जे होतं त्यातलं फारसं काही उरलेलं नाही. ते ज्या जुन्या सहारमधून उडाले, त्या जागी टी-टूची इमारत आहे, मोरपिसाच्या नक्षीच्या छताची. तीही २०१४ चीच. खालच्या गर्दीला वळसा घालून वरच्या वर टर्मिनलच्या दारात नेणारा उन्नत रस्ताही त्याच वर्षीचा. अमेरिका बहुधा होती तिथंच असावी. तेवढ्यापुरता काकांचा अनुभव आजही उपयोगाचा आहे.

आम्ही टी-टूच्या दारात पोहोचलो तेव्हा साडेसात वाजले होते. विमानाला पावणेसात तास होते.

निरोपाचं दृश्य आम्ही मनाशी ठरवून आलो होतो. माई रडणार, बायको रडणार, अण्णा दुसरीकडे बघणार. पण टी-टूच्या कठड्यापाशी रडायला जागा नाही. गाडी थांबल्या थांबल्या शिट्ट्या सुरू होतात. ड्रायव्हरनं आमच्याआधी उतरून दोन ढकलगाड्या आणल्या आणि बॅगा अशा काही वेगानं उतरवल्या की, निघताना त्या चढवायला अर्धा तास लागला होता हे खरं वाटेना. बायको नमस्काराला वाकली तेव्हा मागच्या गाडीनं हॉर्न दिला. मी वाकलो तेव्हा शिट्टी. अण्णांचा आशीर्वाद “अष्टपुत्रा” एवढा ऐकू आला, तो मला होता की बायकोला ते शेवटपर्यंत कळलं नाही. आत फक्त तिकीट आणि पासपोर्ट असलेल्यांना सोडतात. दारावरच्या जवानानं तिकीट पाहिलं, घड्याळ पाहिलं, परत तिकीट पाहिलं आणि अण्णांना म्हणाला, “बाबा, आराम से.”

जाता जाता माई मागं वळल्या, पर्समधून कागदाची पुडी काढली आणि ड्रायव्हरच्या हातात दिली. “दादा, डिंकाचे लाडू आहेत. सावकाश जा.” मग मला हळूच म्हणाल्या, “त्यात खोबरं आहे. म्हटलं विमानात नको.”

परतीच्या वाटेवर मला पुढची सीट मिळाली. काका मागं बायकोशेजारी झोपले. अण्णांचे फोन येत होते. वाशीला आलो तेव्हा म्हणाले, “काऊंटर उघडायचाय, पण खुर्च्या छान आहेत.” खालापूरला असताना, “रांगेत आमचा पहिला नंबर.” लोणावळ्याला, “ते शिकागोवाले आत्ता आले, आमच्या मागं.” या वेळी आवाजात जे समाधान होतं ते नातवाच्या बातमीलाही नव्हतं. आम्ही चांदणी चौकात शिरलो, तेव्हा त्यांनी विमानात चढायला अजून दोन तास असल्याचं कळवलं.

घाट चढताना मी ड्रायव्हरला सहज विचारलं की, आता घरी जाऊन झोपणार ना.

“पहाटे चारला बाणेर,” तो म्हणाला. “परत टी-टूच.”

“आणि काल रात्री?”

“काल पण टी-टू. सकाळी सातला आलो, गाडी धुतली, तुमच्याकडं आलो.”

म्हणजे सहा जणांच्या त्या गाडीत विमानाच्या वेळेची काळजी पाच जणांनी केली होती. घाटासाठी, पावसासाठी आणि एका पंक्चरसाठी वेळ राखून ठेवली होती. झोपेचा रकाना कालनिर्णयच्या त्या पानावर नव्हता. मी खिडकी उघडली, त्याच्याशी पुण्यापर्यंत बोलत राहिलो आणि मनातल्या त्या शंभराचे पाचशे केले. उतरल्यावर प्रत्यक्ष दिलेही, हे काकांना कळू देऊ नये.

तेव्हा, मुंबई विमानतळाची गाडी सांगाल तर आधी बॅगा मोजा, डिकीत टाकी आहे का ते विचारा, तारीख दोनदा सांगा आणि तिकिटावरची तीन अक्षरं एकदा पाहा. ड्रायव्हर आदल्या रात्री कुठं होता हेही फोनवरच विचारून घ्या. ‘रात्रभर झोपलेला माणूस पाठवा’ असं सांगितलं तर पाठवतात, त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत.